ट्रकतपासणी, रस्त्यावरील : चालकाचे हक्क आणि वाद

मालवाहू वाहन वाटेत थांबवून त्याची कागदपत्रे, भार, तांत्रिक स्थिती आणि मालावरील कर तपासण्याची कारवाई. एकाच ट्रकला परिवहन खाते (बोलीभाषेत ‘आरटीओ’), पोलीस आणि जीएसटीचे भरारी पथक अशा तिघांपुढे उभे राहावे लागू शकते. प्रत्येकाचे अधिकार निराळे असतात, आणि बहुतेक वाद या हद्दींवरूनच पेटतात.

याचे एक उदाहरण : छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील कुम्हारी हे भिलाई आणि रायपूर यांच्या दरम्यानचे छोटे शहर राष्ट्रीय महामार्ग 53 वर आहे. हा रस्ता हजिऱ्याहून निघतो आणि धुळे, जळगाव, अकोला, नागपूर करत पारादीप बंदराकडे जातो. 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या भिलाई पोलाद कारखान्याचा माल आणि जामूलचे सिमेंट यांमुळे या पट्ट्यात जड वाहनांची रीघ असते. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. विदर्भातल्या चालकांना हा रस्ता आजही घरचाच.

कुम्हारीच्या टोलनाक्यावर पथकराची वसुली होते. पण टोल घेणाऱ्याला लायसन्स तपासण्याचा अधिकार नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 130 नुसार लायसन्स मागायचे तर पोलीस गणवेशात हवा. परिवहन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याने मागितलेला विमा, फिटनेस किंवा परमिट जवळ नसेल, तर साक्षांकित प्रती 15 दिवसांत देता येतात. नोव्हेंबर 2018 पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रेही चालतात. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांनुसार तपासणीची वेळ आणि अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची असते. पुढच्या वळणावर तीच तपासणी पुन्हा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. लायसन्स जप्त केले तर पोचपावती द्यावीच लागते. चालकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा हक्क हाच, कारण कागदावर न आलेल्या कारवाईविरुद्ध दाद मागायची कुठे?

खरी ठिणगी पडते ती भारावरून. दहाचाकी ट्रकची एकूण भारमर्यादा 2018 मध्ये 25 टनांवरून 28.5 टनांवर गेली. तरी ‘पासिंग’पेक्षा, म्हणजे मंजूर भारापेक्षा, जास्त माल भरणे थांबलेले नाही, कारण भाडे टनावर ठरते. जास्त भाराचा संशय असेल तर कलम 114 नुसार अधिकारी गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो. पण तो काटा पुढच्या वाटेवर 10 किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून 20 किलोमीटरच्या आत असावा लागतो; केवळ नजरेने अंदाज बांधून भागत नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. म्हणजे तीन टन जास्त निघाले तर 26,000. वजनाला नकार दिला तर 40,000. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये परमजित भसीन खटल्यात हेच बजावले होते, कारण काही राज्ये दंड घेऊन तीच गाडी तशीच पुढे सोडत. सिमेंटच्या गोण्या हमालही उतरवतील, पण जाड पोलादी प्लेट रस्त्याकडेला क्रेनशिवाय कशी उतरणार? माल किती भरायचा हे सहसा मालक किंवा माल पाठवणारा ठरवतो. कायदा गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला दोघांनाही धरतो, तरी अधिकाऱ्यासमोर उभा असतो तो चालकच.

इथेच ‘एन्ट्री’चा, म्हणजे गाडी सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या चिरीमिरीचा, जन्म होतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, देशातील दहा वाहतूक केंद्रांमधील पाहणीत 82 टक्क्यांहून अधिक उत्तरदात्यांनी मागच्या फेरीत कुठल्या ना कुठल्या खात्याला चिरीमिरी दिल्याचे सांगितले. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर कलम 210ब दुप्पट दंड सांगते. ते कलम चालकाने भर रस्त्यात ऐकवावे ही अपेक्षा मात्र भाबडी आहे.

जीएसटीच्या तपासणीत हक्क अधिक रेखीव आहेत. एकदा प्रत्यक्ष पडताळणी झाली की करचुकवेगिरीची ठोस माहिती नसताना वाटेत पुन्हा ती करता येत नाही. गाडी 30 मिनिटांहून अधिक रोखली तर ईडब्ल्यूबी-04 नमुन्यात पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. जीएसटीसाठी मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलात वाहन क्रमांकाचा एखाद-दुसरा आकडा चुकला म्हणून माल अडवू नये, असे सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकात आहे. मुदत संपलेल्या बिलाचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. जानेवारी 2020 मध्ये हैदराबादेत मोर्चामुळे वाहतूक अडली, कागद नेणाऱ्या मालवाहू रिक्षाच्या ई-वे बिलाची मुदत उलटली आणि अधिकाऱ्याने माल अडकवून तो नातेवाइकाच्या घरी ठेवला. उच्च न्यायालयाने लावलेल्या 10,000 रुपयांच्या खर्चात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये आणखी 59,000 ची भर घातली. ही रक्कम मिळाली ती माल पाठवणाऱ्या सत्यम शिवम पेपर्स या कंपनीला.