काहिलीपासून व्हॅक्यूम पॅनपर्यंत

रासायनिक अभियांत्रिकी ही शाखा रसायनशास्त्राहून वेगळी आहे. परीक्षानळीत घडणारी प्रक्रिया हजारो लिटरच्या भांड्यात, सुरक्षितपणे, परवडेल अशा इंधनात आणि रोज सारखीच कशी घडवायची, हा तिचा प्रश्न आहे. मँचेस्टरला जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 साली या विषयावर व्याख्याने दिली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीत त्याचा अभ्यासक्रम सुरू झाला.

महाराष्ट्रात ही शाखा आली तीच मुळी शाखा बदलणाऱ्यांसाठी. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘यूडीसीटी’, 1 ऑक्टोबर 1933 रोजी सुरू झाला. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभीचे विषय. बी.एस्सी. झालेला विद्यार्थी तिथे आणखी दोन वर्षे शिकून तंत्रज्ञ होई. बारावीनंतर थेट प्रवेशाची सवय झालेल्या आजच्या पालकांना शाखाबदल म्हणजे वाया गेलेली वर्षे वाटतात. त्या काळी विज्ञानाची पदवी हीच या व्यवसायाची पायरी होती.

त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यात या ज्ञानाची गरज उभी राहत होती. 1932 साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच वर्षी सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी सांगोल्याशेजारच्या माळशिरस तालुक्यात, माळीनगरला, स्वतःचा कारखाना स्थापन केला. सांगोला मात्र माणदेशाचा दुष्काळी तालुका. तिथे वाकी-शिवणे येथे सहकारी कारखाना झाला तो पुष्कळ नंतर.

गुऱ्हाळात गुळव्या भेंडीच्या पाण्याने मळी काढतो आणि उघड्या काहिलीत रस आटवून पाकाची चाचणी हाताने घेतो. हे कसब थोरच, पण काहिलीची सगळी वाफ हवेत जाते. साखर कारखान्यात रस चुना व गंधकाच्या धुराने स्वच्छ करून बंद भांड्यांच्या रांगेत आटवतात. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसरे भांडे तापवते, दुसऱ्याची तिसरे. पुढच्या भांड्यांत दाब कमी असल्याने रस कमी तापमानालाही उकळतो. ही युक्ती लुइझियानाच्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी 1840च्या दशकात काढली. शेवटी व्हॅक्यूम पॅनमध्ये दाणा धरतो, सेंट्रिफ्यूगलमध्ये साखर वेगळी होते आणि उरलेल्या मोलॅसिसपासून आसवनीत अल्कोहोल बनते.

तापवणे, आटवणे, स्फटिक धरणे, गाळणे, ऊर्ध्वपातन: साखरेतील याच क्रिया औषध, रंग आणि खत कारखान्यांतही असतात. म्हणून साखरेत शिकलेला अभियंता तिकडेही चालतो.

उसात सुमारे 70 टक्के पाणीच असते. आटवताना निघालेली वाफ थंड करून ते परत मिळते, बॉयलरला आणि चिपाडातील उरलेली साखर धुऊन काढायला वापरले जाते. सांगोल्यासारख्या तालुक्यात या पाण्याचा हिशेब साखरेच्या उताऱ्याइतकाच काटेकोर ठेवावा लागतो.