अंतराळातला गणपती

मूर्तीचे तोंड कोणत्या दिशेला करायचे, यावर आमच्या घरी दरवर्षी चर्चा होतेच. पण जिथे पूर्व-पश्चिमच नाही, तिथे पूजा कशी करायची?

१९६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री चंद्राभोवती फिरणाऱ्या 'अपोलो ८' च्या अंतराळवीरांनी बायबलमधील सृष्टिनिर्मितीचा भाग वाचला. त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली. म्हणून १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यावर बझ ऑल्ड्रिन यांनी प्रभुभोजनाचा विधी गाजावाजा न करता उरकला. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर रमजानमध्ये अंतराळ स्थानकावर गेले. तिथे चोवीस तासांत सोळा सूर्योदय! मलेशियातील धर्मपंडितांनी तोडगा काढला: नमाजाची वेळ उड्डाणस्थळाची, दिशा जमेल तशी.

त्याआधी डिसेंबर २००६ मध्ये सुनीता विल्यम्स गणपतीची मूर्ती आणि भगवद्गीता घेऊन गेल्या होत्या. तिथे ना मखर, ना विसर्जन. तरी बाप्पा सोबत होते.

आपल्या हुमनाबादकरांना याचे नवल वाटू नये. शेजारच्या माणिकनगरी श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) सकलमत संप्रदायातून सर्व मतांचा आदर शिकवला. १९५६ मध्ये आपला भाग हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कचेरीची भाषा बदलली, घरातली आरती मराठीच राहिली.

आज आमची मुले नोकरीसाठी दूर जातात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो: वेळ आणि दिशा जमेल तशी, पण आरती चुकवू नका.

गणपती बाप्पा मोरया!