न झालेला सामना

फुटबॉल म्हटला की आपण गोंयकार लगेच सरसावून बसतो. पण बायकांच्या फुटबॉलचा इतिहास कोणी विचारला, तर आपण गप्प!

जानेवारी १९८० मध्ये कालिकतला महिलांची आशियाई चषक स्पर्धा झाली. भारत अंतिम फेरीत पोचला आणि तैवानकडून ०-२ असा हरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद मिळालं, तेही पाठीशी फारसा पैसा नसताना. आपल्या गोव्याच्या योलांदा डिसोझा त्याच पिढीतल्या. पुढे मात्र घसरण झाली. २००३ नंतर भारत या स्पर्धेत दिसलाच नाही.

२०२२ मध्ये यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला. २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी सामना ०-० असा बरोबरीत सुटला. २३ तारखेला गाठ होती चायनीज तैपेईशी, म्हणजे त्याच जुन्या तैवानशी. पण संघात कोरोना शिरला. नियमाप्रमाणे लागणारे किमान १३ खेळाडूही उभे करता येईनात. सामना झालाच नाही. भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणशी झालेली बरोबरीही रद्द ठरली. आपल्याच घरी हरायचीसुद्धा संधी मिळाली नाही!

५ जुलै २०२५ रोजी चियांग माई इथे संगीता बासफोरच्या दोन गोलांनी थायलंडला २-१ असं हरवलं आणि भारत पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात गेला. यावेळी दार यजमानपणाने उघडलं नव्हतं, मुलींनी स्वतः उघडलं होतं. गुणतक्त्यातून पुसलेली ती बरोबरी आपण मात्र लक्षात ठेवावी.