हवाईचे राजे आणि त्यांची भूमी
हवाईचा राजा तिसरा कामेहामेहा याने १८४८ साली जमिनीची वाटणी केली. परकी सत्तेने बेटे जिंकली तरी खाजगी मालकी अबाधित राहील, असा त्याचा हिशेब होता. परंतु दावे, साक्षी, मोजणी या सोपस्कारांत सामान्य प्रजेच्या पदरी शंभरावा हिस्साही पडला नाही. उलट १८५० पासून परकीयांस जमीनखरेदीची मुभा मिळाली. ऊसमळे वाढले, रोगराईने प्रजा घटली. मळ्यांसाठी माणसे शोधीत राजा कालाकाउआ १८८१ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. (त्या प्रवासात तो मुंबईसही आला होता!) १८८७ मध्ये मळेवाल्यांच्या गटाने बंदुकांच्या धाकाने त्याचे अधिकार काढून घेतले. ते परत मिळवू पाहणाऱ्या त्याच्या भगिनीस, राणी लिलिउओकलानी हिला, १८९३ मध्ये पदच्युत करण्यात आले. पुढच्याच वर्षी नव्या प्रजासत्ताकाने राजघराण्याची ती राखीव जमीनही सरकारजमा केली.