ओळजोड, सशर्त
सशर्त ओळजोड : कॉन्फिग फाइलमधल्या ज्या ओळी ठरावीक पॅटर्नशी जुळतात, फक्त त्यांच्याच शेवटी मजकूर जोडण्याची क्रिया. बाकीच्या ओळी जशाच्या तशा राहतात. नोंदवहीत नावापुढे शेरा मारणारा कारकून हेच करत असे. फरक इतकाच, की आधी मारलेला शेरा त्याला डोळ्यांनी दिसे. संगणकाला तो तपासायला वेगळे सांगावे लागते.

साधने : केन टॉम्प्सनच्या 'एड' (१९६९) या एडिटरमध्ये पॅटर्न देऊन ओळी निवडण्याची सोय होती. बेल लॅब्समध्येच ली मॅकमहन याने १९७३-७४ च्या सुमारास 'सेड' लिहिले आणि माणूस समोर न बसता तेच काम होऊ लागले. 'सेड'मध्ये दोन तिरप्या रेघांमध्ये पॅटर्न देतात आणि पुढे बदलीची आज्ञा लिहितात. त्या आज्ञेत $ म्हणजे ओळीचा शेवट. 'ए' अक्षराची एक 'जोड' आज्ञाही आहे, पण ती ओळीच्या शेवटी नव्हे, ओळीखाली नवी ओळ घालते. शिकाऊ मंडळी इथे हमखास फसतात. रकान्यांची फाइल असेल तर 'ऑक' (१९७७) बरे. 'अ‍ॅन्सिबल'च्या 'लाइनइनफाइल' मॉड्यूलने काम करायचे तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : अनेक ओळी जुळल्या तरी ते शेवटचीच बदलते. सगळ्या बदलायच्या तर 'रिप्लेस' मॉड्यूल घ्यावे.

दुसरी अट : 'जुळली तर जोड' एवढीच आज्ञा रोज रात्री चालवली तर आठवड्यात तोच शब्द सात वेळा चिकटतो. म्हणून 'आणि तो शब्द आधी नसेल तर' हेही लिहावे लागते. शिवाय ओळीचा शेवट म्हणजे जोडण्याची योग्य जागा असे नाही. ग्रब या बूटलोडरच्या फाइलमध्ये कर्नलचे पर्याय अवतरणचिन्हांत असतात. नवा पर्याय मिटत्या चिन्हाच्या आधी घालावा लागतो आणि नंतर बूट होताना वाचली जाणारी ग्रबची फाइल त्यावरून नव्याने तयार करावी लागते. माउंटची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये सहा रकाने असतात आणि माउंटचे पर्याय चौथ्यात, स्वल्पविरामाने जोडलेले. तिथे ओळीच्या शेवटी काही चिकटवले तर ते पर्यायांच्या रकान्यात जातच नाही. ओळीच्या शेवटी # लावून टीप असेल तर जोडलेला मजकूर त्या टिपेतच गडप होतो, आणि चूक झाल्याचे कुठे दिसतही नाही.

देवनागरी ओळी : इंग्रजी पाठ्यपुस्तकांत न सापडणारी अडचण इथे आहे. इंदूरच्या मालवा मिलच्या बाजूचा परदेशीपुरा घ्या. तिथल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्सचा पत्ता शाखांच्या यादीत असेल आणि त्या ओळींपुढे 'विभाग=इंदूर' जोडायचे असेल, तर आधी नावच जुळवावे लागते. ते 'परदेसीपुरा' असेही लिहितात. मराठीत सामान्यरूप होऊन 'परदेशीपुऱ्यात' झाले, की 'परदेशीपुरा' हा पॅटर्न त्याला ओळखत नाही. त्यात हा 'ऱ्या' एकाच प्रकारे टाइप होत नाही : कुणी ऱ आणि हलन्त वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि अदृश्य शून्य-रुंदी जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइटमध्ये वेगळे.

परदे[शस]ीपु इतकाच पॅटर्न दिला की सगळी रूपे सापडतात. छापताना कंसाबाहेरची वेलांटी अधांतरी दिसते. संगणकाला त्याचे काही वाटत नाही. मात्र लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेताची निवड, यूटीएफ-८ हवे. कंटेनरमध्ये अनेकदा ते नेमलेलेच नसते. मग 'सेड' अक्षरे नव्हे तर बाइट मोजते. श आणि स प्रत्येकी ३ बाइटांचे असल्याने कंस त्यातल्या एकाच बाइटशी जुळतो आणि ओळ हातची जाते. त्रुटीचा संदेशही येत नाही, कारण जुळणी न होणे ही 'सेड'च्या लेखी चूकच नव्हे.

खबरदारी : विंडोजवर जतन केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी बहुधा अदृश्य कॅरिज रिटर्न असतो. जोडलेला मजकूर त्याच्या पलीकडे बसतो आणि टर्मिनलवर ओळीच्या सुरुवातीवर छापल्यासारखा दिसतो. आधी ते चिन्ह काढावे. 'सेड'चा जागच्या जागी बदल करणारा स्विच खरे तर नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतो. त्यामुळे मूळ नाव सिमलिंक असेल तर ती लिंक तुटते. मॅकवर त्याच स्विचनंतर बॅकअपचे शेपूट वेगळे द्यावे लागते. विसरलात तर आज्ञाच शेपूट समजली जाते. बदलानंतर एनजिनएक्स किंवा एसएसएचच्या सर्व्हरला स्वतःची फाइल तपासायला सांगावे, मगच रीलोड करावे.

अलीकडे अनेक प्रोग्राम '.डी' ने संपणाऱ्या फोल्डरमधल्या सुट्या फाइलीही वाचतात. तिथे स्वतःची छोटी फाइल ठेवली तर मूळ फाइलमधल्या ओळी शोधत बसावे लागत नाही. एफएसटॅबला मात्र ही सोय नाही, तिथे चौथा रकानाच गाठावा लागतो.