साहित्य संमेलन आणि सभावर्तन : धाराशिव येथील ९३ व्या संमेलनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

जेथे हजारो माणसे विचारविनिमयासाठी एकत्र येतात तेथे मतभेद अटळ असतात. परंतु मतभेदाची जागा हट्ट, उपमर्द किंवा धमकीने घेतली की सभाच वेठीस धरली जाते. अशा वर्तनाला सभेने कसे सामोरे जावे, हा प्रश्न मराठी साहित्य संमेलनापुढे वारंवार उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात २००९, २०१९ व २०२० या तीन संमेलनांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

मतभेद आणि अडवणूक :

न्या. म. गो. रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. बहुजनांचे मानवी हक्क मान्य न करणाऱ्यांशी ऐक्य संभवत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी सभा उधळली नाही. कारणे देऊन ते दूर राहिले. हा मतभेद होय. दुसऱ्याला बोलूच न देणे ही मात्र अडवणूक ठरते. हा भेद पुढील घटना समजून घेण्यास आवश्यक आहे.

महाबळेश्वर ते यवतमाळ :

२००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी मंडळींनी तीव्र आक्षेप घेतला. यादव यांनी माफी मागितली, तरी अखेरीस त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले.

अध्यक्षीय निवडणुकीतील प्रचार व कटुता टाळण्यासाठी महामंडळाने २०१८ मध्ये घटनादुरुस्ती करून सन्मानाने निवड करण्याची पद्धत स्वीकारली. त्यानुसार अरुणा ढेरे यांची निवड झाली. अंतर्गत कलहाचे एक कारण त्यामुळे दूर झाले; बाहेरचा दबाव मात्र कायम राहिला. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे उद्घाटक म्हणून निमंत्रित केलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण, संमेलन उधळण्याच्या इशाऱ्यानंतर आयोजकांनी मागे घेतले. परिणाम उलटाच झाला. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला आणि सहगल यांचे न झालेले भाषण मराठीतून सर्वदूर वाचले गेले.

धाराशिवचा अनुभव :

१० ते १२ जानेवारी २०२० या काळात तत्कालीन उस्मानाबाद येथे ९३ वे संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या निवडीला ते ख्रिस्ती धर्मगुरू असल्याच्या कारणावरून काही संघटनांनी विरोध केला होता. उद्घाटक ना. धों. महानोर यांनी संमेलनास जाऊ नये म्हणूनही दबाव आला. या वेळी महामंडळ व स्थानिक आयोजक निर्णयावर ठाम राहिले. महानोर आले, प्रकृती ठीक नसतानाही दिब्रिटो आले आणि बोलले. ज्यांना त्यांचे विचार पटले नाहीत त्यांना टीका करण्याची मुभा होतीच.

या संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव होते. तेरच्या संतमेळ्यात गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याच्या थापटीने सर्वांची परीक्षा घेतली व नामदेवांना कच्चे ठरविले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत : कसोटी सर्वांना एकच होती, आणि रागावून निघून गेलेल्या नामदेवांना परंपरेने कायमचे दूर लोटले नाही. विसोबा खेचरांचा उपदेश घेऊन ते संतमेळ्यात मानाने वावरले.

निष्कर्ष :

अडवणूक करणाऱ्याचे बळ बहुधा त्याच्या संख्येत नसते, ते आयोजकांच्या डळमळीतपणात असते. महाबळेश्वर व यवतमाळ येथे माघारीने शांतता मिळाली नाही, केवळ सभेची प्रतिष्ठा गेली. म्हणून नियम आधी ठरलेले असावेत, ते सर्वांना सारखे लागू व्हावेत, आक्षेपाला व्यासपीठ मिळावे, परंतु धमकीला निर्णयाधिकार मिळू नये. महाविद्यालयीन चर्चासत्रांनाही हीच कसोटी लागू पडते.