घोडीच्या थडग्यावरची राणी

आज एडमोनिया लुईस या शिल्पकार बाईची ओळख करून घेऊ या.

तिचा जन्म १८४४ च्या सुमारास अमेरिकेत झाला. वडील कृष्णवर्णीय, आई ओजिब्वे या आदिवासी जमातीची. दोघंही ती लहान असतानाच वारले. ओबर्लिनला कॉलेजात शिकताना, १८६२ मध्ये, सोबतच्या दोन मुलींना विष दिल्याचा आळ तिच्यावर आला. लोकांनी तिला बेदम मारलं. कोर्टात आरोप टिकला नाही, पण तिचं शिक्षण अर्धवटच राहिलं. पुढे बोस्टनला ती मूर्तिकला शिकली. मूर्ती विकून पैसे जमवले आणि थेट इटलीत, रोमला गेली.

तिथले शिल्पकार मातीचा नमुना करत आणि दगड कोरायला कारागीर लावत. एडमोनिया मात्र संगमरवरावर स्वतः छिन्नी चालवायची. काळ्या बाईला हे जमणारच नाही, दुसऱ्यानेच केलं असेल, असं म्हणायला तिला कुणाला जागा ठेवायची नव्हती.

१८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तिने 'क्लिओपात्राचा मृत्यू' मांडला. वजन सुमारे चौदाशे किलो. इतर शिल्पकार मरणाचा विचार करणारी राणी दाखवत. हिने सिंहासनावर मान टाकलेली, मेलेली राणी दाखवली. पाहणारे हादरले.

पण मूर्ती विकली गेली नाही. शिकागोत ती एका दारूच्या गुत्त्यात पोचली. मग शर्यतींच्या धंद्यातल्या एकाने ती घेतली आणि आपल्या लाडक्या घोडीच्या थडग्यावर बसवली. घोडीचं नाव क्लिओपात्रा! जागेचे मालक बदलले, मूर्ती ऊनपावसात झिजली. पुढे ती एका कंत्राटदाराच्या आवारात पडून होती. मुलांनी चांगल्या मनाने तिला रंगही फासला. १९८० नंतर इतिहासाच्या अभ्यासक मॅरिलिन रिचर्डसन यांनी तिचा माग काढला. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

एडमोनिया १९०७ मध्ये लंडनला वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड लागला तो थेट २०१७ मध्ये. म्हणजे घोडीला स्मारक मिळालं ते हिच्या हातचं, आणि हिचं थडगं एकशेदहा वर्षं बेनाव.

काम टिकलं, तरी करणारीचं नाव आपोआप टिकत नाही. ते कुणीतरी जपावं लागतं. घरात आजीची गोधडी असेल, मावशीचं भरतकाम असेल, तर मागच्या बाजूला तिचं नाव, गाव आणि साल टाकून ठेवा. दोन टाक्यांचं तर काम आहे.